आत सत्तावीस

नवतपा लागून तिसरा दिवस.
कळमन्याच्या बाजारात मृग बहार कधीच संपलेला,
रिकाम्या पेट्यांवर मी आणि एक मांजर,
दोघंही सावलीबरोबर सरकत.

ती आली तोंडाला ओढणी गुंडाळून, नुसते डोळे.
"तुम्ही पॅकिंग करता ना जी?"
म्हटलं, संत्र्याची करतो. सीझन नाही आता.
म्हणाली, "रंग तोच आहे."

पिशवीची गाठ सुटली
आणि तीस वर्षं फळं हाताळलेल्या या हाताला
पहिल्यांदा समजेना, कुठं धरायचं.
कॉर्न स्नेक. अमेरिकेकडचा, बिनविषारी.
नोंदणीचा कागद तिनं प्लास्टिकमध्ये घालून आणलेला,
माझी आई जातीचा दाखला ठेवायची तसा.

मृण्मयी धाबर्डे. नोकरी पुण्याला लागली.
मामेभावाची गाडी, रात्रीचा प्रवास,
एसी बुटीबोरीपर्यंत चालतो, पुढं त्याची मर्जी.

"याला घाम येत नाही, काका.
ओरडत नाही, तक्रार नाही.
स्वतःची अशी ऊब नाही अंगात.
पेटी तापेल तितकाच हा तापणार,
आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही."

हे मला कोणी सांगायला नको.
इटारसीच्या अलीकडे एकदा ट्रक बंद पडला होता,
चारशे पेट्या, दीड दिवस.
फळ बोंबलत नाही.
ताडपत्री उचलली तेव्हा वास आला, गोड.
अजून घरात मुरंबा शिजला
की मी अंगणात जाऊन बसतो.

थर्माकोलचा डबा, त्याबाहेर आपली लाकडी पेटी,
मध्ये तणस दाबून.
आधी साप नाही. आधी तीन लिंबं
आणि तिचा थर्मामीटर.
शेडच्या टिनाखाली सेहेचाळीस.
तासाभरात आत छत्तीस.
ती बोलली नाही, ओढणीचं टोक चावत बसली.

मग बर्फाची बाटली, पेपरात गुंडाळून. आत एकोणीस.
"हेही वाईटच," म्हणाली,
"गारठला तर छाती धरते त्याची."
मग आणखी पानं: भावपत्रक, निधनवार्ता,
गुरुवारचं राशिभविष्य.
बाटली अंगाला लागू नये म्हणून फळी आडवी.
भोकं पेन्सिलीएवढी, वरून नाही, बाजूनं.
चौथ्या खेपेला आकडा सत्तावीसवर आला
आणि तिथंच बसला, मांजरासारखा.
तासभर आम्ही त्याच्याकडेच बघत होतो.

रात्री साडेदहाला गाडी आली.
ऊन गेलेलं, पण भिंती अजून ओकत होत्या.
आठ दिवसांचा उपाशी तो, वाटेत उलटी नको म्हणून,
पिशवीत वेटोळं घालून गप्प.
भाऊ डिक्की उघडायला गेला. म्हटलं, काहून?
डिक्कीत मी संत्रं ठेवत नाही, बावा.
पायाशी ठेव. चहाला थांबाल
तर एक जण गाडीतच बसेल.
"तुम्ही तर माझ्या आईसारखं बोलून राहिले," ती हसली.
तिच्या आईनं सापाला आठ महिने
घरात नाव घेऊन हाक मारली नव्हती,
पण बाटलीचा बर्फ तिच्याच फ्रीजमधला होता.

एक वाजता आमच्याकडं लाइन गेली.
कूलरचं पाणी थेंब थेंब थांबलं.
बायको पदरानं वारा घेत म्हणाली,
"झोपा, कोणाचं लेकरू आहे का ते?"
मी पाठीवरून वाहणारा घाम मोजत पडलो.
एवढं तरी आहे आपल्याकडं.

पहाटे चारला फोन. जालना मागं पडलेलं.
"काका, सत्तावीस. मध्ये एकदा अठ्ठावीस झालं होतं,
मी तुमचा बर्फ बदलला."
मग जरा थांबून,
"आणि पेटीला बाहेरून टेपनं
कांदा कोणी चिकटवला?"

म्हटलं, उन्हात निघणाऱ्याच्या खिशात असतो, पोरी.
त्याला खिसा नव्हता.