ची

भंडारवाड्याच्या टेकडीवर, पहाटे साडेपाचला,
लियाव डेंटिस्ट म्हणाले, उभे राहा.
झाड कवेत घेतल्यासारखे हात.
झाड नाही.
तीन महिने एवढंच.

मी विचारलं, ची म्हणजे नेमकं काय?
चाळीस वर्षं मुद्रितं तपासली,
माझ्या लेखी हा षष्ठीचा प्रत्यय,
एकटा कधी उभा राहत नाही.
कुणाची? कशाची?
ते म्हणाले, जबडा सैल सोडा.

जबडा सुटला. डावा खांदा मात्र
अजून चुका शोधत वर चढलेला.
खाली गोदीत भोंगा झाला की
मनगट वळायचं घड्याळाकडे.

आज, दीड वर्षानं, कोण जाणे कसं,
बागेखालच्या टाकीतलं पाणी
तळपायांना कळलं.
तळहातांमध्ये ऊब,
बेकरीतून नुकत्याच आणलेल्या पावाएवढी.
कुणाची,
विचारायचं राहून गेलं.