काटा

सकाळभर मी लोकांचे काटे तपासते.
म्हापशाच्या बाजारात केळीवाल्या, चणेवाले, सुक्या मासळीच्या बाया;
माझ्या पिशवीत पितळी वजनं, किलो, पाचशे, दोनशे,
लाल मखमलीत निजलेली,
आणि मला लांबून बघताच
पारड्याखालचा मेणाचा गोळा उचकटणारी बोटं.
बदलीला आठ महिने झाले.
मिरजेत डबा होता. इथे साडेबाराला
पोट विचारतं, आज कुठे?

पहिल्यांदा गुणाजी शिरोडकराकडे गेले.
सहा टेबलं, साही पुरुषांची.
वाढप्याने वर न बघता पडदा उचलला,
'फॅमिली रूम आत.'
आत तांदळाची पोती, बिघडलेला फ्रीज,
आणि मी एकटी, अख्खी फॅमिली.
हुमण मात्र असं, की वाटी
बोटाने पुसली. बघायला होतं कोण.

मग सवयच लागली, रोज नवं दार.
स्टँडमागे उंडा आणि पातळभाजी, उभ्याने,
बशी स्कूटरच्या सीटवर ठेवून.
सोमवारी निम्मं गाव शिवराक, तेव्हा काकोडकर मावशींचं खतखतं;
त्यातलं तिरफळ चावू नये हे कुणी सांगितलं नव्हतं,
दुपारच्या तिन्ही नोटिसा
बधिर जिभेने वाचून दाखवल्या.
एकदा ताडपत्रीखाली, शेजारी कोर्टातला एक कारकून,
तिसऱ्यांची शिंपलं ताटाच्या कडेला रचत म्हणाला,
'मोजा, बाई. मोजून घ्या.'
म्हणजे मला ओळखत होता.

कोर्टामागच्या चढणीवर एस्पेरांसाचं घर.
पाटी नाही. पुढच्या खोलीत तीन टेबलं,
मेणकापडावर उडालेल्या रंगाची द्राक्षं.
इथे पडदा नव्हता. 'बस गो बाय,' एवढंच.
मिरजेच्या बोटांना बांगडा जमत नव्हता;
तिने माझ्याच ताटात हात घातला,
मधला काटा शेपटीपासून उचलला, अख्खा,
कंगव्यासारखा,
आणि काही न बोलता मांजराला टाकला.

तेव्हापासून रोज नवं दार बंद.
उशिरा गेले की 'नुस्तें सोंपलां' म्हणायची
आणि स्वतःच्या ताटातला अर्धा तुकडा माझ्याकडे सारायची.
सोलकढीचे पैसे कधी लावले नाहीत.

परवा हात धुताना दिसला:
दाराआडच्या फळीवर डायलचा काटा.
त्यावर ती गलमो विकते, आमच्याकडचा जवळा,
पेपराच्या पुड्यांत, येणाऱ्या-जाणाऱ्याला.
शिक्का नाही. तारीख नाही.
रिकाम्या पारड्यावर सुई
शून्याच्या पन्नास ग्रॅम खाली.

ओल्या हाताने उभी राहिले.
पोटात तिचा भात, डोक्यात कायद्याचं कलम.
'अगं, हा तुझ्याच विरुद्ध चुकतोय.
दर पुडीला पन्नास ग्रॅम जास्त जातात तुझे.'
एस्पेरांसा टेबल पुसत होती.
'खबर आसा म्हाका,' म्हणाली.
किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही.

पण कलमात असं कुठे लिहिलेलं नाही
की चूक कुणाच्या बाजूची ते बघा.
नोटीस लिहिली, तीन प्रतींत,
द्राक्षांवर कागद ठेवून.
खाली तिची सही, शाळेतल्या वळणाची, सावकाश.
मग तिने वहीचं पान फाडून माझं बिल केलं:
ताट, जादा भात, तळलेला तुकडा,
सोलकढी, दोन वाट्या, वीस रुपये.
एक पैसा कमी नाही.
दिले. तिने मोजून घेतले.

आज पुन्हा चढण चढले.
फळी रिकामी, काटा दुरुस्तीला गेलेला.
ती आतून म्हणाली, 'वाडूं?'
ताटात बांगडा आला, काट्यासकट.
तिचा हात आला नाही.
मांजर पायाशी येऊन बसलं, वाट बघत.
शेपटीपासून सुरुवात केली.
मधेच तुटला.