खर्चाचा रकाना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,
आक्का मिरजेहून फोनवर म्हणाली.
प्रेस्टनच्या कोर्टाला पायरी नव्हतीच.
रॅम्प होता, करड्या रबराचा,
आणि माझी पर्स उलटी करून बघणारा
सर्दी झालेला एक शिपाई.

जज्जांच्या डोक्यावर विग नव्हता,
तेवढा एक हिरमोड.
साधं टेबल, पाण्याचा जग, पलीकडे ग्रॅहम एंटविसल,
ज्याने सहाशे चाळीस पौंड घेऊन
माझ्या स्वयंपाकघराला वाकडी खिडकी बसवली.
"मिसेस कँडी पार्कर," जज्ज म्हणाले.
खांडेपारकर, मी म्हटलं.
त्यांनी खोडून नीट लिहून घेतलं.
निकाल तासाभराने लागला, पण मला वाटतं
मी तिथेच जिंकले होते.

मग खर्चाचं निघालं.
दाव्याची फी सत्तर, मिळेल.
सुनावणीचे पंच्याऐंशी, मिळतील.
बेकरीतली बुडालेली पाळी, त्र्याऐंशी, बरं.
चॉर्लीहून बस, येऊन-जाऊन सहा.
लायब्ररीतल्या झेरॉक्सपाशी ते जरा थबकले,
मग तेही लिहिले.
सॉलिसिटरचा एक तास, एकशे ऐंशी?
पेन खाली ठेवलं त्यांनी.
छोट्या दाव्यात वकील ज्याचा त्याने सोसायचा.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
मी गप्प बसले आणि मनातल्या मनात
मसाला मोजत राहिले:
आठ महिने.
खिडकीच्या फटीत उभं धरून
फोटो काढलेलं पोस्टकार्ड.
पहाटे पाळीवरून येऊन,
हाताला यीस्टचा वास तसाच, लिहिलेली पत्रं.
डिक्शनरीत तीनदा पाहिलेला एक शब्द, वाजवी.
आणि तो फोन, एंटविसल हसत म्हणाला होता,
घरात पुरुष असेल तर त्याला दे.
त्याला रकाना नव्हता.
मी पान उलटूनही पाहिलं.

आता दर एक तारखेला चाळीस पौंड जमा होतात,
हप्त्याने. शेऱ्यात एकच शब्द, खिडकी.
वारा अजून येतो. गॅसची ज्योत
डावीकडे झुकते, मी भांडं सरकवते.

आक्का विचारते, ते एकशे ऐंशी बुडालेच ना?
बुडाले.
तासभर सगळी फाईल वाचून
चष्मा पुसत ती बाई एवढंच म्हणाली होती,
"हे तुम्ही स्वतः करू शकाल.
तुम्हाला माझी गरज नाही."

पावती जपून ठेवली आहे.