फुटामांगं दोन सूत

इंदूबाई ढोकेची कपडे धुवाची मशीन
शेवटच्या धा मिनिटांत चालू लागते.
चालू म्हनजे, पायानं.
न्हानीच्या कोपऱ्यातून निंगते,
हंड्याले धक्का मारते,
अन् नळी पुरली नाई की अडते दारात,
दाव्याचा हिसका बसलेल्या गोऱ्ह्यासारखी.

आर्वीचा मेक्यानिक येऊन गेला.
साडेतीनशे घेतले, दोनदा चहा घेतला,
म्हने, मशीनीत काही नाई, फरशी वाकडी हाय.

फरशी माही.

म्हनून मले बलावनं आलं.
इंदूबाई रागानं नाई बोलली,
पन चहाचं इचारलं नाई.

आता न्हानीची फरशी सपाट कोन करते?
फुटामांगं दोन सूत उतार देल्ला मी, मोरीकडं.
तेरा वर्सं झाली.
बादली उलटी करा,
पानी कोनाले रस्ता इचारत नाई.
तवा हीच बाई म्हनली होती,
दौलतभाऊ, तुमच्या हातचं पानी साचत नाई हो.
पान्याले जे बराबर
ते मशीनीले वाकडं निंगालं.
याची तक्रार मी कोनाकडं करू?

त्याहिच्या पोरीच्या मोबाईलात लेव्हल हाय म्हने, हिरवा बुडबुडा.
मी आपली नळी काढली,
पिवळी पडेल, चिमूटभर नीळ टाकेल पानी आत.
एक टोक श्रुतिकाच्या हाती, एक माह्या,
मंधात मशीन.
हालू नको पोट्टे, हाल्लीस तर पानी खोटं बोलते.
ते खालीवर झालं, खालीवर झालं, मंग थांबलं.

मांगचा डावा पाय बोटभर अधांतरी.
त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
त्याखाली कोन्या लग्नाची पत्रिका, चार घड्यांची,
हे ढोके गुरुजीचं इंजिनिरिंग.
सारं काढलं. पाय फिरवून खाली उतरवला,
वरचा नट आवळला.
चारही कोपरे दाबून पाह्यले. डुगडुगत नाई.

लावा म्हनलं.

चालली नाई. जाग्यावरच राह्यली.
पन शेवटाले अशी थरथरली
का भिंतीवरचा आरसा खिळ्यावरून वाकडा झाला.
इंदूबाई काही म्हनली नाई.
म्या बी म्हनलं, चालत तं नाई ना आता.
पन कान माहेच होते, त्याहिले कसं सांगू.

पोट्टी तवर मांगं घुसली, भिंत अन् मशीनीच्या फटीत.
काका, इथं दोन बोल्ट हायेत.
अन् दोन नुसती भोकं.
अन् ट्रकचं चित्र हाय, बाजूले लिवलं हाय:
प्रवासासाठी आवळले आहेत, वापराआधी काढा.

दीड वर्स झालं मशीन घरी येऊन.
आतली टाकी अजून ट्रकमंधीच बसेल होती.

धा नंबर पान्यानं सोडले.
बोटाएवढे लांब, प्लास्टिकच्या बाह्या घातलेले,
गंज नाई, डाग नाई, कामाचे बोल्ट.
एवढा रस्ता त्याहिनंच सांभाळली तिले,
अन् घरी आल्यावर कोनी म्हनलं नाई, आता बसा.

मंग इंदूबाईनं वर पितळेची वाटी ठेवली, काठोकाठ.
टाकी फिरली.
वाटीतलं पानी गोल गोल शहारलं,
सांडलं नाई.
आम्ही तिघं पाहत उभे, जसं काही टीव्हीच लागला.
धा मिनिटं.
मशीनीनं टिंग केलं तवा श्रुतिका हासली.

बोल्ट तिनं कंपासमंधी ठेवले.
जूनमंधी वर्ध्याले चालली, होस्टेलात.
एक घरी ठेवीन म्हने, एक संगं नेईन.
काहाले, ते नाई सांगितलं.

चहा आला. सोबत चिवडा बी आला.
पैसे किती, इंदूबाईनं इचारलं.
म्हनलं, पैसे राहू द्या,
त्या आर्वीवाल्याले एक फोन लावा.
सांगाचं काय?
सांगा, फरशी वाकडीच हाय.
मुद्दाम हाय.