फुटाला एक सूत

बिडाचं ओतकाम थंड होताना आकसतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न थोडा मोठा घ्यायचा,
फुटाला एक सूत.
उद्यमनगरात बत्तीस वर्षं हेच केलं मी.
जी वस्तू अजून झालीच नाही
तिच्या आकसण्याची जागा आधीच सोडून ठेवली.

समुद्राला किती सोडायची, ते कुणी सांगितलं नव्हतं.

पाच फुटी काच. खाली लोखंडी घोडी, मीच वेल्डिंग केलेली.
आरओचं पाणी, बादलीत मीठ, रात्रभर ढवळणारा पंप,
आणि सकाळी चष्मा कपाळावर सारून
एक थेंब उजेडाकडे धरायचा:
एक पॉइंट शून्य पंचवीस.
शालन म्हणाली, स्वयंपाकघरात चिमूटभर मीठ नाही
आणि तुम्ही पंधरा किलो पाण्यात घातलं.

मासा आला थर्माकोलच्या खोक्यातून,
बेळगावच्या विमानतळावरून रात्रीच्या एसटीनं,
हारुण मुल्लाणीच्या मांडीवर.
सोबत परवान्याचे चार कागद, वर लॅटिन नाव
जे आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत वाचता आलं नाही.
कुठल्याशा बेटाजवळचा,
जिथं माणूस वस्तीला नाही, नुसते पक्षी.
किंमत शालनला सांगितली
त्यात एक शून्य कमी.

रुपयाएवढा जीव. शाईसारखा निळा,
अंगावर पांढऱ्या रेघा, एकात एक,
सागाच्या ओंडक्याची कापलेली बाजू असावी तशा.
हारुण म्हणाला, मामा, हे पोरपणीचं रूप.
मोठा झाला की हे पुसतं, दुसरंच उमटतं.
तोवर लाखातला कोण आणि साधा कोण,
सगळे एका घरचे दिसतात.
दीड वर्ष थांबा की.

थांबायचं मला काय नवल?
लाकूड वाळायला तेवढंच लागतं.

पण अकरा दिवस त्यानं काही खाल्लं नाही.
दगडाच्या कपारीत उभा, कल्ले तेवढे हलत.
मी तीन डब्यांतलं तीन तऱ्हेचं खाणं टाकून पाहिलं,
सकाळी तळाशी तसंच.
बाराव्या दिवशी भावानं देवगडहून पाठवलेल्या तिसऱ्या
शालन निवडत बसली होती.
उठली, एक शिंपला विळीवर उघडला,
कोपरापर्यंत हात घालून दगडावर ठेवला,
आणि म्हणाली, खा रे झिला.

ही बोली या घरात
मी कधी ऐकली नव्हती.
फोंडा घाट चढून आल्याला तिला सव्वीस वर्षं झाली होती.

मासा आला. आधी लांबून बघितलं.
मग टोचलं.

त्या ऑगस्टात पंचगंगा कुंभार गल्लीत शिरली.
खालच्या जिन्यावर सात पायऱ्या पाणी, लाईट नाही,
दुसऱ्या रात्री इन्व्हर्टरही बसला.
पंप गप्प. टाकी तळ्यासारखी थिजली.
तांब्या बुडवायचा, हातभर उंचावरून सोडायचा,
तेवढीच हवा मिसळते. पुन्हा बुडवायचा.
दोन-दोन तासांची पाळी ठरली.
माझी आली तेव्हा मी भिंतीला टेकून झोपलो होतो.
तिनं उठवलं नाही.
पहाटे डोळा उघडला तो त्याच आवाजानं,
मेणबत्ती संपलेली, तिचा हात मनगटापर्यंत
मिठानं पांढरा.

आता मासा तळहाताएवढा झालाय.
शेपटीकडच्या रेघा तुटल्यात,
मधूनच पिवळं काहीतरी डोकावतं, किंवा मला तसं वाटतं.
हारुण दर रविवारी येतो, मोबाईलवरचे फोटो शेजारी धरतो,
मान हलवतो. अजून नाही सांगता येत, मामा.

ते एक शून्यही मी अजून सांगितलेलं नाही.

पाणी उडतं, मीठ राहतं,
म्हणून रोज सांजेला वरून गोडं पाणी घालावं लागतं.
काचेवर खूण मी केलीय, पोलादी सुईनं, गुण्यात धरून.
घालते शालन.
काल पट्टी लावून बघितलं:
खुणेच्या वर भरते ती,
एक सूत.