शेंड्यात किती आभाळ

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी येते.
दुर्बीण, वही, मोजपट्टी,
आणि एकच प्रश्न:
शेंड्यात किती आभाळ दिसतं?
जितकं आभाळ जास्त तितकं झाड कमी,
असा आमचा हिशेब.

गेथिन फाटकाशी उभा असतो.
मी येणार हे त्याला कुणी कळवत नाही,
तरी किटली गरम असते.
"यंदा किती?" विचारतो,
जसं इस्पितळाच्या व्हरांड्यात विचारतात,
नर्सच्या डोळ्यांत न बघता.

पहिल्या वर्षी लिहिलं, दहा टक्के.
मग पंचवीस.
तोवर तायवी नदीच्या दोन्ही काठांवरचे ॲश
उलट्या केरसुण्या होऊन उभे होते.
त्याच्या फावड्याचा दांडा ॲशचा,
बापाच्या हातोडीचा, आजीच्या वल्ह्याचाही.
"आता दांडे प्लास्टिकचे," तो म्हणाला,
आणि कुत्र्यावर उगाच ओरडला.

बुरशी दिसायला मात्र गोड.
गेल्या वर्षीच्या काळ्या पडलेल्या देठांवर
कणीएवढ्या पांढऱ्या छत्र्या.
बघायला गुडघे टेकावे लागतात.
इतक्या नाजूक गोष्टीवर राग धरता येत नाही.
मी धरून पाहिला.

तिसऱ्या वर्षी परत पंचवीस.
मला वाटलं माझीच नजर चुकली.
एप्रिल कोरडा गेलेला, मे कडक,
झाडाकडे खचायला हवी तेवढी कारणं होती.
मी ओसियनला बोलावलं, माझा आकडा न सांगता.
तो बराच वेळ मान वर करून उभा राहिला,
मग वही पुढे केली: वीस.
आम्ही दोघं काहीच बोललो नाही.
आमच्या कामात आशेला रकाना नाही,
शेरा लिहायची जागा तेवढी असते.

त्याच हिवाळ्यात कौन्सिलचं पत्र आलं.
झाड रस्त्यावर झुकलेलं,
खालून शाळेची बस जाते,
अमुक कलमाखाली तोडणे आवश्यक.
गेथिननं पत्र दोनदा वाचलं, घडी करून
लोण्याच्या डब्याखाली ठेवलं.
"बसमध्ये माझी नातही असते," म्हणाला.
यावर काय बोलणार.

जानेवारीत, करवतवाले यायच्या आठ दिवस आधी,
मोठ्या बेचकीनं दोरी शेंड्यापर्यंत मारली.
चौदाव्या वेळी अडकली.
चोवीस डहाळ्या उतरवल्या,
टोकाला काळ्या मखमली कळ्या असलेल्या,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या.
रात्रभर त्या गेथिनच्या फ्रिजमध्ये होत्या.
दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं
मला देताना एकेक मोजून दिली.

रोपवाटिकेत कलमं बांधली.
सतरा जगली.
मराव्यात अशा सात मेल्या;
त्यांची नोंद जास्त काळजीपूर्वक केली.

आणि आता हे सांगायला नको वाटतं:
दोन वर्षं जपलेल्या त्या सतरा रोपांखाली
मी माझ्या हातानं
रोगट देठ पसरले.
पांढऱ्या छत्र्या उगवेपर्यंत पाणी मारलं.
जे तरेल तेच पेरायचं,
आणि तरेल की नाही हे
न आजारता कळत नाही.
गेथिनला फोनवर सांगितलं तेव्हा
पलीकडे नुसती किटली वाजत होती.

पुढच्या जुलैत तो स्वतः आला,
चाळीस मैल, जुन्या लँड रोव्हरमधून.
फाटक नव्हतं, तरी फाटकाशी उभं राहावं तसा उभा राहिला.
"यंदा किती?"

रोपं गुडघ्याला लागतील एवढी.
मान वर करून काही दिसण्यासारखं नव्हतं.
मी ओल्या मातीत पाठ टेकली,
डोकं सरकवत नवव्या रोपाखाली नेलं.
तोही आडवा झाला, कण्हत, गुडघे सांभाळत.

पानं होती.
पानांतून थोडं आभाळ होतं.
"लिही," तो म्हणाला.
"थांब," मी म्हटलं, "वारा पडू दे."