जे आधी होईल ते

पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात:
इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने,
जे आधी होईल ते.

आमच्यात वर्ष आधी झालं.
काटा उभा आहे एकवीसशे चाळीसवर.
त्यातले पहिले हजार यांचे, पाच आठवड्यांत:
बाहुबली, कुंथलगिरी, बार्शीला धाकटीकडे,
आणि पहिला शिक्का यांनीच मारून आणला,
पान उघडं धरून, शाई वाळेपर्यंत.

उरलेले माझे.
सांगलीवाडी ते विश्रामबाग, मंगळवारी आणि शुक्रवारी,
फिजिओथेरपीला.
चोपन्नाव्या वर्षी क्लास लावला.
शिकवणाऱ्या पोराला घाई होती, रिव्हर्स नीट झालाच नाही,
म्हणून मी अजून जागा बघून थांबते,
जिथून सरळ बाहेर पडता येईल.

वाटलं होतं, कमी चालली म्हणजे कमी झिजली.
दस्तगीर मिस्त्री हसला.
यांच्या स्कूटरपासूनचा माणूस, पुलाअलीकडे गॅरेज.
"काकी, सहा किलोमीटरात इंजिन तापतं कुठं?
पाणी धरतं आत. तेल आंबतं.
उभी गाडी जास्त खाती तेलाला."
मी म्हटलं, मग बदल तूच. निम्म्या पैशात होईल.
त्याने हात पुसले. बोनेटला बोट लावलं नाही.
"तीन वर्षं कंपनीतच जावा. बिल ठेवा, शिक्का चुकवू नका.
उद्या इंजिन बोललं तर ते पहिलं वही मागत्यात.
वॉरंटी संपली की मी हायेच की."
असं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस
मी दुसरा पाहिला नाही.

वर्ष भरायला चार दिवस होते.
काउंटरवर प्राजक्ता मगदूम नावाची मुलगी,
नखांवर अर्धी उडालेली मेंदी.
"मॅडम, एवढीच चालली?"
एवढीच, म्हटलं.
ती पुढचं विचारणार होती. मग काचेबाहेर बघितलं तिने,
डाव्या सीटवर हे, मांडीवर हात ठेवलेला,
ठेवलेला म्हणजे मी ठेवलेला.
तिने तारीख लिहिली, काटा लिहिला, तेलाची ग्रेड लिहिली,
फिल्टर वेगळ्या ओळीत,
आणि बिलाची एक प्रत जास्त काढून दिली, न मागता.

जुनं तेल ट्रेमध्ये उतरलं तेव्हा मी वाकून पाहिलं.
गुऱ्हाळातल्या काकवीसारखं, पण गोडवा नसलेलं.

घरी आल्यावर हे उतरेनात.
बोनेटकडे मान केली.
मी उघडलं, दांडी टेकवली, तिसऱ्यांदा बसली.
मग यांना धरून पुढे आणलं.
"सपाट जागा आहे?" आहे.
"इंजिन बंद करून किती वेळ झाला?" पाच मिनिटं.
"मग बघू."

डिपस्टिकच्या पिवळ्या कडीत उजवं बोट घालायचं,
इतकं सोपं होतं.
यांनी डावं घातलं.
मंगळवार-शुक्रवार रबरी चेंडूवर न मिटणारी ती बोटं
कडीभोवती आली, एक एक करून,
मी श्वास घेतला नाही,
आणि दांडी वर आली, वाकडी, थरथरत,
अर्धी वाटेत अडकून, पण आली.
उजव्या हाताने रुमालाला पुसली, परत आत, परत बाहेर.
दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ,
करडईच्या नव्या तेलासारखी रेघ.

"बरोबर भरलंय," हे म्हणाले.
मिस्त्रीला सांगायच्या आवाजात.

तो रुमाल सोड्यात भिजवला रात्रभर.
डाग हटला नाही. घासला असता तर हटला असता बहुतेक.

पुस्तिका टीव्हीखालच्या कप्प्यात, बिलं पिनेला.
पुढच्या शिक्क्याची चौकट कोरी आहे.
या वर्षी मी ठरवलंय,
रविवारी गाडी लांब काढायची, इंजिन तापेपर्यंत.
मिरजेच्या पुढे. जमलं तर तासगाव.
रिव्हर्स न लागेल अशा ठिकाणी.